सोनटक्के व इतर

चाकणच्या चौकात वाहतूक अशी तुंबली होती की माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकावर एका ट्रकची सावली अर्धा तास मुक्कामाला होती. अशा वेळी माणूस मोबाईल काढतो. आमचा सात जणांचा एक ग्रुप आहे. त्यावर शिंदेचा मेसेज आलेला : ‘अर्जदार क्र. १ श्री. दिगंबर सोनटक्के यांचे आज पहाटे राहत्या घरी निधन झाले. सर्व अर्जदारांनी नोंद घ्यावी.’ मी तो दोनदा वाचला. तेवढ्यात अडसूळनं खाली अंगठा टाकला. रोजची सवय, दुसरं काय… मग त्याच्या लक्षात आलं असावं, त्यानं तो पुसला, आणि ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढं तिथं उरलं. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, ट्रक पुढं सरकला होता, आणि मी रस्त्याच्या मधोमध ‘नोंद घेत’ उभा होतो.

दुपारी पुनावळ्याला सोनटक्केच्या घरी शिंदे मला मिठी मारून ढसाढसा रडला. म्हणाला, “अरे, दुसरं लिहायलाच येईना रे. हात आपोआप तसाच चालला.” आम्ही सगळे सरकारी आयटीआयमधले शिल्प निदेशक, म्हणजे पोरांना कानस धरायला, वेल्डिंग मारायला, मोटार बांधायला शिकवणारे मास्तर. तीस वर्षं अर्ज आणि स्मरणपत्रं लिहून आमची मराठी अशी झाली आहे की बायकोला गजरा दिला तरी ‘सोबत जोडला आहे’ म्हणू. सोनटक्के तिथं असता तर या मेसेजवर तो सगळ्यांत मोठ्यानं हसला असता, हे मात्र मी छातीठोक सांगतो.

हा लेख मी फार उशिरा लिहितो आहे. माणूस गेल्यावर चार-सहा आठवड्यांत असं लिहायची रीत असते. मला वर्ष होत आलं. पण आमच्या खात्यात सगळंच उशिरा होतं, आणि ज्या गोष्टीसाठी मी थांबलो होतो ती नुकतीच घडली, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सोनटक्के मूळचा औशाकडचा. फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून तो इकडं आला तेव्हा भोसरीत एका खोलीत राहायचा. मी वेल्डर ट्रेडचा, दुसऱ्या संस्थेतला. आमची ओळख झाली ती एका प्रशिक्षणात. मी तेव्हा कामगार नाट्यस्पर्धेत लहानसहान कामं करायचो, म्हणून त्यानं माझं नाव ‘कलाकार’ ठेवलं ते कायमचं. आम्ही दोघंही सुरुवातीला तासावर काम करणारे हंगामी निदेशक होतो. काम तेच, पोरं तीच, फक्त आमचं नाव हजेरीत वेगळ्या पानावर. चार वर्षांनी आम्हाला कायम केलं. पेढे वाटले. पुढं बऱ्याच वर्षांनी ज्येष्ठता यादी लागली, तेव्हा कळलं की आमची ती पहिली चार वर्षं कुणी धरलेलीच नाहीत. आमच्या मागून आलेले पुढं होते, आणि बढत्या यादीप्रमाणे मिळतात. निदेशकाच्या वरची पायरी म्हणजे गटनिदेशक, चार-पाच ट्रेडवर देखरेख करणारा. सोनटक्के त्या जागेची वाट पाहत होता आणि त्याच्या पुढून एकेक जण वर चढत होता.

ही पायरी त्याला का हवी होती, ते मला कुरुळीत समजलं. तिथल्या एका कंपनीत आम्ही शिकाऊ उमेदवारांच्या जागांसाठी गेलो होतो. फाटकावरच्या वहीत नाव, गाव, हुद्दा लिहायचा होता. आत ज्याला भेटायचं होतं तो सोनटक्केच्या पहिल्या तुकडीतला मुलगा, आता त्या कंपनीत सिनियर मॅनेजर. त्यानं सगळ्या शॉपफ्लोअरसमोर वाकून सोनटक्केच्या पायाला हात लावला. “सर, तुमची कानस अजून आठवते. कोपरा काटकोनात आला नाही की तोच तुकडा परत पहिल्यापासून.” सोनटक्के खूश. बाहेर आल्यावर मात्र गाडीला किल्ली लावून तो नुसताच बसला. म्हणाला, “कलाकार, ह्या पोराची चार प्रमोशनं झाली. मी त्याला कानस धरायला शिकवलं तवा जो होतो, तोच आज फाटकावर लिहून आलो. वाईट नाही वाटलं रे… पर त्यानं विचारलं की, सर आता काय पोस्ट? आन् मी म्हणालो, आहे तिथंच. त्याला वाटलं मी विनोद केला.”

मग आम्ही केस केली. भोसरीतल्या एका हॉटेलात सात जण जमलो, वकीलबाईंनी कच्चा मसुदा दिलेला, आणि प्रश्न एकच उरला : पहिलं नाव कुणाचं? बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. पण सरकारी नोकरीत पहिल्या अर्जदाराचं नाव साहेबांच्या तोंडी बसतं. बदलीचा हंगाम आला की बाकीचे ‘व इतर’मध्ये सुखानं दडून राहतात. शिंदे म्हणाला, “आद्याक्षरानं घेऊ, वाद नको.” अडसूळ चमच्यातली मिसळ तशीच धरून म्हणाला, “आद्याक्षरानं? मराठीत घ्या नाहीतर इंग्रजीत, माझंच येतंय राव! वयानं घेऊ, धाकटा आधी.” तसं घेतलं तर शिंदे पहिला. शिंदेला लगेच आठवलं की त्याच्या मुलीचं लग्न ठरायचंय. पावाच्या लाद्या संपल्या, तरी पहिला अर्जदार मिळेना. तेव्हा सोनटक्केनं वकीलबाईंचा कागद ओढून घेतला. “लिहा माझं. जन्मात एकदा तरी यादीत पहिला येऊ द्या की राव!”

अशी ती केस झाली, ‘सोनटक्के व इतर’. बदली वगैरे काही झाली नाही. खात्याला तेवढीही सवड नव्हती. पण एक भलतंच झालं. आमच्यासारखीच तक्रार असलेले लोक राज्यभर निघाले, आणि त्या सगळ्यांना वरून एकच उत्तर जाऊ लागलं : सोनटक्के प्रकरणात निर्णय होईपर्यंत थांबावं. एकदा हा प्रादेशिक कार्यालयात आपल्या रजेच्या कामाला गेला. तिथला लिपिक मान वर न करता म्हणाला, “सोनटक्के प्रकरण चालू आहे, आत्ता काही होणार नाही.” हा म्हणाला, “अहो, मीच सोनटक्के.” लिपिकानं चष्मा काढला. “म्हणजे… तुम्ही माणूस आहात?” ही गोष्ट सोनटक्के शंभर वेळा सांगायचा आणि दर वेळी त्या लिपिकाचा चेहरा करून दाखवायचा. “त्यानं माझ्याकडं असं बघितलं कलाकार, जसा काय अख्खा औसा तालुका चप्पल घालून ऑफिसात आलाय!” नाटकात मी होतो, पण ती एक भूमिका मला त्याच्याइतकी कधी जमली नसती.

सुनावणीला आम्ही पाळीपाळीनं मुंबईला जायचो. तो प्रत्येक वेळी. निगडीहून पहाटेची बस. त्याच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असायची, सगळ्यांना पुरेल एवढी, कारण त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, वाटायचं की सातही जण जातात. बहुतेक वेळा नुसती तारीख पडायची. कधी सरकारी वकील नाहीत, कधी कागद आले नाहीत. एकदा पुकारा झाला, ‘सोनटक्के व इतर’, आणि हा सवयीनं खणखणीत ‘हजर!’ म्हणाला. सगळं दालन हसलं, न्यायमूर्तीसुद्धा. वकीलबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “सोनटक्के, इथं हजेरी घेत नाहीत हो!” त्या दिवशीही तारीखच पडली. परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, “निदान ओळख तरी झाली.”

याच काळात त्याच्या संस्थेतली गटनिदेशकाची जागा रिकामी झाली. नवीन माणूस येईना. प्राचार्यांनी याला बोलावून सांगितलं, “सोनटक्के, तुम्हीच बघा आता.” लेखी काही नाही, तोंडी आदेश. त्या दिवशी त्यानं मला फोन केला तेव्हा आवाजात काय रंग होता! “कलाकार, चार्ज मिळाला! तोंडी का होईना…” मी म्हणालो, “अरे, लेखी मागून घे.” तो म्हणाला, “मागितलं. म्हणाले, केस चालू असताना लेखी देता येत नाही.” पाच-सहा वर्षं त्यानं ते काम ओढलं. चार ट्रेडची हजेरी, साहित्याची मागणी, परीक्षा, नव्या निदेशकांची भांडणं. पगार मात्र शिल्प निदेशकाचाच. आणि आता त्याच्या स्वभावातली खोड ऐका. इतक्या वर्षांत त्यानं एकाही कागदावर ‘प्रभारी गटनिदेशक’ म्हणून सही केली नाही. लेखी आदेश नाही तर आपण तसं लिहायचं नाही. सगळीकडं ‘गटनिदेशकांकरिता’, आणि खाली ‘शिल्प निदेशक’. मी म्हणायचो, अरे बाबा, लिही की, कोण बघतंय? तो म्हणायचा, “मीच बघतोय न्हवं.” कोपरा काटकोनात येत नाही तोवर तुकडा परत घासायला लावणारा माणूस तो. दुसरं काय म्हणणार?

त्याच्या निवृत्तीला काही महिने उरलेले असताना निकाल लागला. आम्ही जिंकलो! पहिली चार वर्षं धरा आणि यादी नव्यानं करा, असा आदेश झाला. निगडीच्या चौकात आम्ही सात प्रौढ माणसांनी असा काही धिंगाणा केला की एका रिक्षावाल्यानं विचारलं, “भाऊ, कुठली सीट निवडून आली?” सोनटक्केला एवढंच हवं होतं की आता निवृत्तीच्या आधी, एक महिना का होईना, आदेश हातात घेऊन त्या जागेवर रुजू व्हायचं. पण निकाल लागणं वेगळं आणि खातं हलणं वेगळं. तात्पुरती यादी आली. तिच्यावर हरकती आल्या. मग अंतिम यादी, मग पदोन्नती समितीची बैठक, ती पुढं ढकलली… आणि मे महिन्याच्या अखेरीस शाल, नारळ, हार झाला. निवेदक मी होतो. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर ‘शिल्प निदेशक श्री. सोनटक्के’ असंच लिहिलेलं होतं, आणि मी, आयुष्यात एकदाही संवाद न विसरलेला माणूस, तिथं अडखळलो. पहिल्या रांगेतून तोच म्हणाला, “वाच की रे, बरोबरच हाय ते.”

त्यानंतर तो आठ-नऊ महिने होता. शेवटचा भेटलो तेव्हा आम्ही त्याच्या गॅलरीत बसून हिंजवडीकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग बघत होतो. तो मुंगीच्या गतीनं सरकणाऱ्या त्या दिव्यांकडं बोट करून म्हणाला, “बघ, आपली ज्येष्ठता यादी चाललीय.” आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, “तुमचं तरी होईल रे. तुमची नोकरी शिल्लक हाय.” पंधरा दिवसांनी शिंदेचा तो मेसेज आला.

आणि आमचं झालं. सोनटक्के गेल्यावर तीन महिन्यांत सहाही ‘इतर’ गटनिदेशक झालो. त्याच कागदावर त्याचंही नाव होतं, पहिलंच. मयत म्हणून त्याला मानीव दिनांक दिला होता. म्हणजे अमुक तारखेपासून तो गटनिदेशक होता, असं आता मानायचं. आणि खाली एक वाक्य : ‘तथापि, त्यांनी सदर पदाचे काम प्रत्यक्ष केलेले नसल्याने थकबाकी अनुज्ञेय राहणार नाही.’ मी तो कागद घेऊन पुनावळ्याला गेलो. सुमनवहिनींनी तो शांतपणे वाचला. मी थकबाकीचं काहीबाही समजावू लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. “भावजी, पैशाचं राहू द्या. पेन्शन येतंय, मुलगी कमावतीय. पण काम केलं नाही असं लिहिलंय ना ह्यात? एवढं वाक्य तेवढं खोडून आणा.”

एवढं वाक्य! मी प्रस्ताव केला. उत्तर आलं, लेखी आदेशाची प्रत जोडा. ती नव्हती. मग त्यांच्या सहीचे कागद जोडा. ते ढिगानं होते, आणि प्रत्येकावर त्याच्याच सुवाच्य अक्षरात ‘शिल्प निदेशक’. जुने प्राचार्य निवृत्त होऊन नाशिकला मुलाकडं राहत होते. ते फोनवर म्हणाले, “केलं हो त्यांनीच सगळं, पण आता मी काय लिहून देणार?” सोनटक्केच्या काटेकोरपणानं सोनटक्केचाच पुरावा पुसून टाकला होता.

माझी नेमणूक कुठं झाली असेल? त्याच्याच संस्थेत, त्याच्याच जागेवर. रुजू झालो त्या सकाळी शिपाई नामदेवमामांनी केबिन उघडून दिली. मामा चाकणजवळच्या गावचे, निवृत्तीला टेकलेले. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून एक फिरती खुर्ची होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मी ती ओढली, ऐटीत बसलो, टेबलाशी सरकलो… आणि माझी हनुवटी टेबलाला टेकली. समोरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, नव्या गटनिदेशकाचं मुंडकं कापून टेबलावर ठेवलंय. मी स्वतःशीच हसलो. मग वाकून पाहिलं. टेबलाच्या चारही पायांना चौकोनी नळीचे तुकडे बसवले होते, असे घट्ट आणि सफाईदार की सांधा बोटाला लागू नये. असं काम एकच माणूस करून घेऊ शकत होता. मी उठून टेबलाजवळ उभा राहिलो. आता उंची बरोबर कोपराएवढी आली, लिहायला अगदी बेताची.

त्या दिवशी मी मामांना काही विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही म्हणा. पण पाच-सहा महिन्यांनी वार्षिक तपासणीला प्रादेशिक कार्यालयातले साहेब येणार असं कळलं, तेव्हा माझ्यातला नट जागा झाला. हेच साहेब, ज्यांच्या टेबलावरून आमचा प्रस्ताव दोनदा परत आला होता. मी त्यांना अदबीनं केबिनमध्ये नेलं, माझ्या खुर्चीत बसवलं, पुढ्यात तपासणीचे कागद ठेवले आणि म्हणालो, “साहेब, आपण इथंच शेरा लिहावा.” साहेबांनी पेन काढलं, हात वर केला, मान उंचावली. शाळेत उंच डेस्कमागं बसवलेल्या बालवाडीच्या पोरासारखे दिसत होते.

“हे काय हो? टेबल असं का?”

मी मामांकडं पाहिलं. मामा दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभे. म्हणाले, “सोनटक्के सरांनी केलंया सायेब. उभ्यानंच लिवायचं ते.”

“का? पाठीचा त्रास?”

“न्हाई वो. मी म्हनायचो, सर, बसा की, खुर्ची काय चावतीय व्हय? तर म्हनायचं, मामा, आर्डर न्हाई. बसलो आन् उद्या कुनी उठीवलं तर? उभ्या मानसाला कुनी उठवीत न्हाई.” मामांनी ग्लास टेबलावर ठेवला. “पाच-सा वर्सं असंच. मधी पोरांकडनं पाय उंच करून घेतलं, वाकून वाकून मान धराय लागली म्हनून.”

साहेबांनी वाकून टेबलाचा पाय पाहिला, नळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “टेबल काही नियमात बसत नाही हो.” मी म्हणालो, “नियमात नको, शेऱ्यात बसवा.” माझ्या तोंडचं हे वाक्य मी चार दिवस आधी घोकून ठेवलं होतं, पण ते ऐनवेळी बारीक आवाजात आलं. साहेब खुर्चीतून उठले. उभ्यानंच त्यांनी शेरा लिहिला, की सोनटक्के यांनी सदर पदाचे काम प्रत्यक्ष केल्याचे तपासणीत दिसून आले, तरी आदेशातील वाक्य दुरुस्त व्हावे. फाईल वर गेली आहे. वर म्हणजे कुठं आणि किती दिवस, ते विचारू नका.

त्या शेऱ्याची प्रत न्यायला सुमनवहिनी मागच्या आठवड्यात आल्या. या संस्थेत त्या पहिल्यांदाच येत होत्या. मी प्रत दिली, त्यांनी ती वाचून नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग त्यांची नजर त्या उंच टेबलावर गेली आणि मी सगळं सांगितलं. सांगताना नक्कल करायची नाही असं ठरवलं होतं, तरी मामांची थोडी झालीच. वहिनी हसल्या नाहीत. टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या, तळहात त्याच्या कडेवर ठेवला.

“चार्ज मिळाला त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, सुमन, आता वर्कशॉपमधलं उभं राहणं संपलं बघ. केबिन आहे, खुर्ची आहे.” त्यांचा तळहात कडेवरून फिरला. “…आणि रोज संध्याकाळी पाय चेपून मागायचे. मी चेपायची आणि चिडवायची त्यांना. म्हणायची, दिवसभर खुर्चीत बसून पाय कसले दुखतात हो तुमचे?”

मामा चहा घेऊन आले. वहिनींना बसा म्हणायला मी खुर्चीला हात घातला होता, तो तसाच मागे घेतला. चहा आम्ही तिघांनीही उभ्यानंच घेतला.